झरीच्या रक्ताचा आकार

महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागला, तेव्हा मला कळलं की मी तज्ज्ञ झालो आहे. वरच्या ओळीत संस्थेचे पदाधिकारी, मधल्या ओळीत प्राचार्य आणि प्रकल्पप्रमुख, आणि खाली डाव्या कोपऱ्यात सुपारीएवढा मी. उरलेल्या जागेत रक्तातल्या तांबड्या पेशी होत्या. त्या मात्र बैलगाडीच्या चाकाएवढ्या. माणूस आणि त्याचं रक्त यांचं नातं इतक्या स्पष्ट प्रमाणात मांडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

परभणीत माझी रक्त तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणं हा माझा धंदा, आणि तो एकट्यानं करायचा असल्यामुळे मला तो आवडतो. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ते माझा पुन्हा सत्कार करतील.

प्रकल्पाचं नाव होतं 'संगणकीय आकार-विश्लेषणाद्वारे रक्तातील विकृत पेशींचे वर्गीकरण'. प्रकल्पप्रमुख हे नाव एका दमात म्हणत आणि त्यानंतर त्या दिवसापुरतं प्रकल्पाचं काम संपलं असं मानत. कल्पना मात्र वाईट नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. निरोगी तांबडी पेशी गोल असते आणि मधोमध दबलेली, बोटानं दाबलेल्या पेढ्यासारखी. काही आजारांत तिचा आकार बिघडतो. कुणाची विळ्यासारखी होते, कुणाची लांबट, कुणाची थेंबासारखी. हे माणसाला बघून ओळखता येतं. पण माणूस थकतो, जांभया देतो, चहाला उठतो. संगणक उठत नाही.

प्रोग्रॅम लिहिला होता संगणक विभागातल्या मॅडमनी. प्रकल्पात खरोखर काम करणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून फ्लेक्सवर त्यांचा फोटो नव्हता. पेशीची कड आखायची, क्षेत्रफळ काढायचं, घेर मोजायचा, लांबीला रुंदीनं भागायचं आणि त्यावरून पेशी कुठल्या वर्गातली ते ठरवायचं, अशी त्यांची रीत. मोजण्याआधी प्रोग्रॅम प्रत्येक पेशी फिरवून उभी करी. फोटो स्टुडिओत आपली हनुवटी धरून मान सरळ करतात, तसं. म्हणजे एक पेशी तिरकी पडली आणि दुसरी आडवी, तरी मापात फरक पडायला नको. यात काही चूक नव्हती. मीही मान डोलावली होती.

चूक फ्लेक्समुळे झाली.

फ्लेक्सवर छापायला पेशींचं एक छान चित्र हवं होतं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेनं तो पुढे ओढला की पातळ थर बसतो. बघण्याजोगा भाग असतो थराच्या मधल्या पट्ट्यात. तिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकून असतात, एसटीतल्या माणसांसारख्या. प्रमुखांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, गर्दी नको. मग त्यांनी स्वतः काच सरकवत सरकवत थराच्या पार शेपटीपर्यंत नेली. तिथे पेशी सुट्या सुट्या उभ्या होत्या, जरा लांबुळक्या, आणि सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला.

"बघा," ते म्हणाले, "काय शिस्त आहे."

सव्वीस जानेवारीचं संचलन वर्षानुवर्षं त्यांच्याच देखरेखीखाली होत असे. मी म्हणालो की ही शेपटी आहे, इथे पेशी ओढल्या जातात, ताणल्या जातात, कुठलाही तपासणारा इथे बघून निदान करत नाही. त्यांनी माझा मुद्दा नोंदवून घेतला. त्या महाविद्यालयात एखादा मुद्दा नोंदवून घेतला की त्याची फिकीर करण्याची जबाबदारी संपते. फ्लेक्स सगळ्यांना आवडला. एवढंच झालं असतं तर मी काही बोललोही नसतो. पण फ्लेक्सवरचं चित्र आणि प्रकल्पातली चित्रं यांत एकसारखेपणा हवा, म्हणून यापुढचे सगळे फोटो त्याच भागातून घ्यावेत असं परिपत्रक निघालं. मॅडमना मी पुन्हा समजावून सांगितलं. त्यांना पटलंही. पण सुट्या पेशींची कड आखायला प्रोग्रॅमलाही सोपं जात होतं, आणि परिपत्रकावर सही झालेली होती.

मग परभणीजवळच्या झरी गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. प्रमुख पाहुणे येईपर्यंत सगळ्यांचं रक्त घेऊन व्हायला हवं होतं, कारण पाहुण्यांना रक्त बघवत नाही असं कळलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं आणि माणसांच्या बोटावर कापूस. दीपप्रज्वलनाच्या वेळी वारा सुटला, आणि पेशींपेक्षा काडेपेटीवर जास्त संशोधन झालं.

निकाल आला आणि प्रमुखांचा चेहरा उजळला. जवळजवळ अख्खं गाव विकृत निघालं होतं. संशोधकाला एवढं यश सहसा एका फेरीत मिळत नाही. तीन वर्ग होते: अ म्हणजे निरोगी, ब म्हणजे संशयित, क म्हणजे विकृत. प्रत्येकाला रंगीत आलेख, वर्ग आणि संस्थेचं बोधचिन्ह असलेला कागद लॅमिनेशन करून मिळाला. त्याखेरीज पारदर्शकतेसाठी सगळी यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यात आली. मी ताबडतोब प्रमुखांना फोन करून सांगितलं की हे मागे घ्या. त्यांनी तोही मुद्दा नोंदवून घेतला.

गावानं पहिल्यांदा ते हसण्यावारी नेलं. सरपंचांना ब मिळाला होता, आणि क मिळालेले लोक त्यांना विचारत होते की तुम्हाला कुणाच्या वशिल्यानं मिळाला. अ वर्गाचे इतके थोडे होते की त्यांच्याकडेच लोक संशयानं बघू लागले. एका गृहस्थानं बायकोला सांगितलं की आपण क वर्गात आहोत, पहाटे पाणी द्यायला शेतात जाणं आता झेपायचं नाही. पण बायकोही क वर्गातच निघाल्यामुळे ते प्रकरण तिथेच मिटलं. भावकीच्या भांडणात एका नव्या शिवीची भर पडली, एवढाच काय तो समाजावर परिणाम, असं मला वाटलं होतं.

मग एक दिवस झरीचे एक शेतकरी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. कागद त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता. क वर्ग.

मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. गावाबाहेरच्या रस्त्यावर रोज पहाटे पळायची, माळावर गोळा फेकायची. अर्ज भरून झाला होता, मैदानी चाचणीची तारीख जवळ येत होती, आणि वयाच्या हिशोबानं हीच तिची शेवटची संधी होती. कागद आल्यापासून वडिलांनी तिचं पळणं बंद केलं होतं. बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. मुलगी ते सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होती, जसं काही शेजाऱ्याच्या घरातलं सांगतेय.

"सर," ती म्हणाली, "पळाल्यावर मला काई होतंय का, तेवढं सांगा. माझं सांगून झालंय, आता तुमी आबाला सांगा."

मी तिचं रक्त घेतलं, थर ओढला, मधला पट्टा बघितला. पेशी पेढ्यासारख्या गोल, निर्दोष. विळ्यासारख्या पेशींसाठी जी चाचणी असते तीही केली. तिच्यात नळीतलं पाणी गढूळ झालं तर दोष, नितळ राहिलं तर नाही. नळीमागे वर्तमानपत्र धरलं आणि वडिलांना वाचायला सांगितलं. त्यांनी नळीतून बियाण्याची एक जाहिरात शेवटपर्यंत वाचून दाखवली. मी म्हणालो, याचा अर्थ मुलगी ठणठणीत आहे.

त्यांनी कागद पुन्हा टॉवेलात गुंडाळला. मग त्यांनी सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात बांधावर बसल्या बसल्या गेला. रक्तातलंच काहीतरी होतं, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. काय ते कुणी सांगितलं नाही.

"तुमचं खोटं हाय असं मी म्हणत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "पण तुमी एक डोळा झाकून बघितलं. ती मशीन दोन्ही डोळे उघडे ठिवून बघती."

पुस्तकं भरपूर वाचल्याचा हाच तोटा. बरोबर असण्याची सवय लागते, पटवून देण्याची लागत नाही. मी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि तिघं महाविद्यालयात गेलो. म्हटलं, मशीनलाच विचारू.

मॅडमनी मुलीचं चित्र उघडलं. प्रोग्रॅमनं कापून, फिरवून, उभ्या करून ठेवलेल्या पेशी रांगेत होत्या, सगळ्या लांबट. मी म्हणालो, हे नको, कापण्याआधीचं मूळ चित्र दाखवा. मूळ चित्रात सगळ्या पेशी एका बाजूला कललेल्या होत्या. मग दुसऱ्या एका माणसाचं चित्र उघडायला सांगितलं. त्यातही तसंच. तिसरं, चौथं, तसंच. संध्याकाळी परतणाऱ्या गुरांसारख्या गावभरच्या पेशी एकीकडे तोंड करून चालल्या होत्या. आजारानं लांबट झालेली पेशी अशी कुणाच्या आज्ञेत राहत नाही. ती कुठेही, कशीही पडते. सगळ्या एका दिशेला पडल्या असतील, तर त्यांना कुणीतरी पाडलेलं असतं.

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिशा मीच काढून टाकली, सर. पेशी उभी करायच्या पायरीला." खरंच, दोष कुठे आहे हे सांगणारी ती एकच खूण होती, आणि मोजण्याआधी प्रोग्रॅम तीच पुसून टाकत होता. त्यात त्यांचा दोष नव्हता. मधल्या पट्ट्यातल्या पेशी दिल्या असत्या, तर दिशा पुसल्यानं काही बिघडलं नसतं.

तोवर प्रकल्पप्रमुख येऊन उभे राहिले होते. पेशीच्या दिशेवर अवलंबून न राहणं हेच आपल्या प्रणालीचं बलस्थान आहे, असं ते वडिलांना सांगू लागले. वडील अतिशय आदरानं ऐकत होते. एखाद्या माणसाचं काही कळलं नाही की आमच्याकडे त्याचा आदर वाढतो.

मी वाद घातला नाही. मुलीच्या बोटातून पुन्हा दोन थेंब घेतले. एक थेंब काचेवर लांबीच्या बाजूनं ओढला, दुसरा दुसऱ्या काचेवर आडवा. वडिलांना म्हणालो, माझा हात कुठून कुठे गेला ते नीट बघून ठेवा. मग दोन्ही काचा वाळवून, रंगवून, एकाच तऱ्हेनं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि शेपटीचा भाग पडद्यावर घेतला. पहिल्या काचेत पेशी उभ्या कललेल्या, दुसरीत आडव्या. मग दोन्हींचा मधला भाग दाखवला. तिथे सगळ्या गोल.

वडील पडद्याजवळ गेले. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग मुलीकडे.

"म्हंजे हे तुमच्या हाताचं हाय," ते म्हणाले. "पोरीच्या रक्ताचं न्हाई."

"माझ्या हाताचं," मी म्हणालो.

"अन् गावाला कुणाचा हात लागला?"

प्रमुखांना त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मुलीनं तेवढ्यात विचारून घेतलं की कपाटाची किल्ली कुणाकडे आहे. ती वडिलांच्याच बंडीत होती. त्यांनी ती तिथल्या तिथे काढून दिली. माझ्या आयुष्यातला हा एकमेव शोधनिबंध, ज्याचा परिणाम वाचकावर इतक्या लवकर झाला.

पण वडील तिथून हलेनात. त्यांचं म्हणणं असं की मला पटलं, पण गावाला कोण पटवणार. पोरीचं रक्त वाकडं आहे हे ग्रुपवर सगळ्यांनी वाचलंय. उद्या तिला वर्दी मिळाली तरी लोक तेच म्हणतील. "जिथं कागद वाटले तिथंच माघारी घ्या," ते म्हणाले. 'माघारी' हा शब्द ऐकून प्रमुख जागे झाले. पुढच्याच महिन्यात मूल्यांकन समिती येणार होती. समितीसमोर चूक कबूल करायची म्हणजे फ्लेक्स उतरवायचा.

इथे मला इतक्या वर्षांच्या सत्कारांचा पहिल्यांदा उपयोग झाला. मी म्हणालो, माघार कशाला, सुधारित आवृत्ती काढा. जपून ठेवलेल्या त्याच काचांच्या मधल्या भागाचे फोटो मॅडम पुन्हा घेतील. आणि एक नवी पायरी घालतील: सगळ्या लांबट पेशी एकाच दिशेला दिसल्या, तर प्रोग्रॅमनं काच परत पाठवायची. पहिल्या आवृत्तीचं नावही घ्यायची गरज नाही. दुसरीचं विमोचन करा.

विमोचन म्हटल्यावर प्रमुखांच्या डोळ्यांत दिवा लागला. लगेच पाहुणे कोण, यावर चर्चा सुरू झाली.

मॅडमनी काम चोख केलं. दुसऱ्या फेरीत गाव जवळपास सगळं अ वर्गात आलं. खरा दोष एकाच आजीबाईंच्या रक्तात निघाला, त्यांना लोह कमी होतं. मी त्यांना गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. हा प्रकल्पाचा खरा निष्कर्ष, आणि प्रकल्पाच्या अहवालात तो एवढा छोटा आहे की तो शोधायला पुन्हा सूक्ष्मदर्शक लागेल.

विमोचनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीनं दोनदा पुढे गेली आणि शेवटी नेमकी मुलीच्या मैदानी चाचणीच्या दिवसावर येऊन बसली. मुलगी पहाटेच पोलीस मैदानावर गेली. वडिलांना प्रमुखांनी व्यासपीठावर बसवलं, लाभार्थी म्हणून. ते डबा घेऊन आले होते. पाच मिनिटांत कागद घेतो आणि पोरीकडे जातो, असं त्यांनी मला सांगितलं. मी त्यांना सांगितलं नाही की त्या सभागृहात पाच मिनिटांना किती वेळ लागतो.

प्रास्ताविकात प्रमुखांनी सांगितलं की तंत्रज्ञानाच्या बळावर एक अख्खं गाव रोगमुक्त झालं आहे. टाळ्या झाल्या. झरीचे लोकही वाजवत होते. कुणाला क वर्गातून बाहेर काढलं तर तो का वाजवणार नाही. वडिलांना 'अ वर्ग' लिहिलेला कागद पाहुण्यांच्या हस्ते मिळाला. आता उठतील असं वाटलं, पण लगेच पाहुणे बोलायला उभे राहिले. तांबड्या पेशींनी गोल राहावं आणि आपली दिशा एक ठेवावी, तरच राष्ट्र बलवान होईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मॅडम मागच्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होत्या. खांदे हलत होते.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. त्यांनी तो बसल्या जागी उचलला. समोरच्या टेबलावर माईक ठेवलेला होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सगळ्या सभागृहानं ऐकलं, "चक्कर-बिक्कर आली का, माय?" पाहुणे थांबले. "छातीत दुखलं का? न्हाई? पुरं पळालीस? मधी थांबली न्हाईस?" मग ते माझ्याकडे वळले. रडायला येईल की काय अशा चेहऱ्यानं, पण हुकूम सोडल्यासारखं म्हणाले, "पुरं पळाली. उठा, साहेब."

मी उठलो. व्यासपीठावरून मधेच खाली उतरण्यासाठी मी बरीच वर्षं कारण शोधत होतो. इतकं चांगलं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाहुण्यांना बहुधा वाटलं की आम्ही भारावून चाललो आहोत.

स्कूटरवरून मैदानापाशी पोचलो. बाहेरच्या भिंतीला टेकून मुलं-मुली बसली होती, कुणाचा पाय चोळणं चाललं होतं, कुणी फोनवर घरी गुण सांगत होतं. ती एका झाडाखाली बूट काढून बसली होती. पळणं चांगलं झालं होतं, गोळा जरा कमी पडला होता, तरी लेखी परीक्षेला नाव येईल एवढं जमलं होतं. वडिलांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप बघतात तसा. मग खिशातून कागद काढून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाले, बघ, अ वर्ग.

तिनं कागद वाचला, उलटा करून बघितला.

"डबा कुठाय?"

डबा सभागृहात, खुर्चीखाली राहिला होता.

"पहाटेपासून पोटात काई न्हाई, आबा," ती म्हणाली. "आता हे खाऊ का?"

वडील माझ्याकडे बघायला लागले, जणू याही प्रश्नाचं उत्तर तज्ज्ञाकडे असेल. मी कोपऱ्यावरच्या गाड्याकडे बोट दाखवलं. तिथे पोहे होते, वर तर्री. तिनं पहिली प्लेट उभ्या उभ्या संपवली, दुसरी बसून, आणि तिसरी मागवताना वडिलांना विचारलंही नाही. ते उभे राहून तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. रक्तात दोष असण्याचं हे लक्षण मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.